कोरफडीचा टू बीएचके

आमच्या ऑफिसात एक नवी प्रथा पडली आहे. कुणी फ्लॅट घेतला, की सगळ्यांनी पैसे काढायचे आणि त्याला एक कोरफड भेट द्यायची. बजेटमध्ये बसते, दिसायला स्टायलिश आणि मुख्य म्हणजे ‘हिला काही करावं लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगता येतं. मग चारेक महिन्यांनी तोच फ्लॅटवाला कॉफी मशीनपाशी मला गाठतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच विचारतो, “ए, तुझी कोरफड अजून जिवंत आहे का गं?”

आवाज असा, की जणू पोलीस चौकीत कबुलीजबाब देतोय.

मी काय बोलणार? माझ्या नावावरही एक खून आहेच. आणि तो आळसातून झालेला नाही. माझी पहिली कोरफड मी अतिप्रेमाने मारली.

माझं गाव नांदुरा, जिल्हा बुलढाणा. रेल्वेने मुंबईहून नागपूरकडे निघालात की मलकापूरनंतर आणि शेगावच्या आधी लागतं. हायवेने गेलात तर १०५ फुटी हनुमान दिसतो ना, तेच. तिथे आजीच्या घरामागे भिंतीला टेकून कोरफडीचं एक बेट होतं. बेटच म्हणायचं, कारण मूळ झाड कोणतं आणि पिल्लं कोणती हे आजीलाही सांगता आलं नसतं. भाजलं की कोरफड, केस गळले की कोरफड, कुणाची दृष्ट लागली की एक अख्खं रोप उपटून दारावर उलटं टांगायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांत आजीकडचीच पिल्लं गेलेली.

नोकरी लागून पुण्यात आले, त्या पहिल्या दिवाळीत मीही एक पिल्लू मागून घेतलं. पण नुसतं पिल्लू कसं न्यायचं? परक्या शहरात त्याला परकं वाटू नये म्हणून शेतातली पाच किलो काळी मातीसुद्धा पिशवीत भरली. कापूस पिकवणारी माती, तिच्यात काय नाही येणार? स्लीपर कोचमध्ये रात्रभर ती पिशवी उशाशी घेऊन झोपले. पुण्यात आल्यावर मॉलमधून चौदा इंची, निळ्या चकचकीत सिरॅमिकची कुंडी घेतली. तळाला भोक नव्हतं, पण म्हटलं बरंच झालं, फरशी खराब होणार नाही. त्यात गावची माती, मधोमध वीतभर पिल्लू आणि रोज सकाळी दात घासता घासता एक मग पाणी.

ऑगस्टात ते गेलं. पानं आधी पिवळट झाली, मग तेलात भिजवलेल्या कागदासारखी आरपार दिसायला लागली. एक पान धरून उचललं तर अख्खं झाड हातात आलं. खाली मूळ असं काही नव्हतंच. नुसता तपकिरी लगदा आणि वास.

आजी दर रविवारी फोनवर विचारायची, “कोरफड कशी हाय वं?” मी म्हणायचे, “मस्त आहे.” “पानी कमी पाज बरं, बाई.” “हो गं आजी.” झाड मेल्यानंतर पुढची दोन वर्षं मी हे उत्तर देत राहिले. मग आजी गेली. मग घर विकलं. ज्यांनी घेतलं त्यांनी रीतसर पाडून नवं बांधलं आणि मागच्या अंगणात छान शहाबादी फरशी बसवली. बेट गेलं.

तेव्हा कळलं, की आपण काय घालवून बसलोय. नर्सरीत शंभर रुपयांना कोरफड मिळते हो. पण ती आजीची नसते.

आता जरा पोस्टमॉर्टेम करू. काळी माती वाईट नाही, उलट पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती म्हणजे आमच्या वऱ्हाडाचं सोनं. पण तिचा स्वभाव टोकाचा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून तर उन्हाळ्यात आमच्याकडे शेताला अशा भेगा पडतात, की चुकून पाय घातला तर मुरगळलाच समजा. शेतात हे चालतं, कारण खाली जमीन खोल असते आणि वर ऊन तळपत असतं. कुंडीत तीच माती कोंडली, की भिजल्यावर तिचं लोणी होतं. हवा जायला जागाच उरत नाही आणि मुळं गुदमरून सडतात. वाळली, की ती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. म्हणजे एक तर बुडून मरा, नाही तर तहानेने मरा. माझ्या कुंडीला तर भोकही नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या पर्यायाची वेळच आली नाही.

आणि ती चौदा इंची कुंडी! एकट्या जिवाने हौसेने टू बीएचके घ्यावा, एकाच खोलीत राहावं आणि बंद खोलीच्या भिंतींना ओल धरावी, तसं ते झालं. मोठ्या कुंडीत माती भरपूर, मुळं एवढीशी. मुळं पितात घोटभर, बाकीचं पाणी मातीत दिवसेंदिवस साचून राहतं. झाडाला ऐसपैस जागा दिली तर ते जोमाने वाढेल, हा आपला हिशोब. कोरफडीचा नाही. ती मूळची अरबस्तानातल्या कोरड्या खडकाळ डोंगरांची. पाणी पानांतच साठवते आणि दिवसभर पानांवरची छिद्रं बंद ठेवून रात्री उघडते, म्हणजे ओलावा कमी उडतो. दारावर उलटं टांगलेलं रोप मातीशिवाय महिनोन्‌महिने हिरवं राहतं ते याच जोरावर. त्यात जादू काही नाही.

मग आजीची कोरफड त्याच नांदुऱ्यात एवढी माजली कशी? या प्रश्नाचं उत्तर मला बुलढाण्यात मिळालं.

माझी आत्या बुलढाणा शहरात राहते. मोताळ्याहून राजूर घाट चढून वर गेलं, की हवाही बदलते आणि मातीही. खाली काळीभोर, वर डोंगराच्या अंगावर पातळ माती आणि तिच्याखाली मुरूम. एका लग्नाच्या निमित्ताने गेले, तर आत्याच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात हातभर उंच कोरफड. मी विचारलं, “ही कुठली गं?” “कुठली म्हंजे? आईकडचीच तं हाय.”

तिथेच पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. खून, खोटं बोलणं, सगळं. आत्या आधी पोटभर हसली. मग म्हणाली, “काळ्या मातीत लावली? अवं माय! आईची कोरफड मातीत व्हती असं कोनं सांगितलं तुले?”

खरंच की. घर शाकारताना फुटलेली कवेलू, विटांचे तुकडे, चुलीतली राख, हे सगळं आजी मागच्या भिंतीशी टाकायची. त्या ढिगावर कोरफड उभी होती. इतकी वर्षं मी झाड बघितलं, ते कशावर उभं आहे हे बघितलंच नाही.

परतताना आत्याने एक पिल्लू दिलं आणि शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेला पिशवीभर मुरूम. “लोक शेगावची कचोरी आणतात,” आई फोनवर म्हणाली, “आणि तू पुन्हा मातीच आणतेस!” यावेळी सहा इंची मातीची कुंडी, तळाला भोक, आत निम्मी माती आणि निम्मा मुरूम. चार वर्षं झाली. झाड जगलं. एवढं जगलं, की यंदा नवीनच टेन्शन उभं राहिलं. ते कुंडीत मावेना.

पण ‘मावेना’ हे ठरवायचं कसं? इथे घाई होते, म्हणून जरा थांबते. पानं लालसर झाली की लोक कुंडी बदलतात. तो बहुतेकदा एकदम कडक ऊन लागल्याचा किंवा थंडीचा परिणाम असतो. पानं पातळ होऊन आत वळली तर झाड तहानलेलं आहे. पानं लांबुडकी, फिकट होऊन आडवी पडायला लागली तर उजेड कमी पडतोय, त्याला खिडकी हवी. यातलं काहीही कुंडी बदलून बरं होत नाही, उलट त्रासात असलेल्या झाडाला शिफ्टिंगचा त्रास वर. खरी लक्षणं वेगळी. माझ्या कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली होती. पाणी घातलं की आत न मुरता सरळ खाली, कारण आत माती कमी आणि मुळांचंच जाळं जास्त. पानांत सगळं पाणीच, त्यामुळे झाड वरून जड होऊन कुंडीसकट कलायला लागलं होतं; एकदा तर वाऱ्याने आडवंच झालं. आणि पिल्लांनी एवढी गर्दी केली होती, की आईच्या खालच्या पानांना बाजूला सरकावं लागत होतं. यातलं एखादं लक्षण असेल तर वाट बघा. दोन-तीन एकत्र दिसली की वेळ झाली. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते, माझी चौथ्या वर्षी आली.

सीझनचंही आहे. भर पावसाळ्यात कुंडी बदलू नका. मुळांच्या जखमा सुकत नाहीत आणि हवा आधीच ओली असते. मे महिन्यातलं ऊनही नको. थंडी सरल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, किंवा पाऊस पूर्ण थांबल्यावर दसरा-दिवाळीच्या आसपास, हे दिवस चांगले. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेने उचललेली कोरफड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवली असेल, तर तिला महिनाभराने बाहेर काढायला हरकत नाही. अपवाद एकच. बुडाशी मऊ लागतंय, वास येतोय, पानं आरपार दिसताहेत, तर मुहूर्त बघू नका. जुलै असला तरी त्याच दिवशी उपटा, सडलेलं कापा, उरलेलं सुकू द्या. मी हे ऑगस्टात केलं असतं तर हा लेख निम्माच झाला असता.

फेब्रुवारीतला एक रविवार ठरवला. आठ दिवस आधी पाणी बंद केलं. कोरड्या मातीतून गोळा अलगद सुटतो आणि मुळं कमी तुटतात. नवी कुंडी आठ इंची, म्हणजे जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. दुकानदार दहा इंची घ्या म्हणून मागे लागला होता, ‘पुन्हा पुन्हा कशाला बदलायची मॅडम?’ मी त्याला टू बीएचकेची थिअरी ऐकवली, त्याने शांतपणे आठ इंची काढून दिली. उंचीपेक्षा पसरट कुंडी बघा, कारण कोरफडीची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. कुंडी मातीची, बिनचकाकीची असली तर कडेनेही ओल उडते. शिवाय तिला वजन असतं, म्हणून ती कलंडत नाही.

मिश्रणाची मला जरा भीतीच वाटत होती. नर्सरीतली लाल माती दोन भाग, जाड वाळू दोन भाग, मुरूम एक भाग आणि मूठभर गांडूळखत. हल्ली नदीची वाळू सहज मिळत नाही, बांधकामावरची क्रश सँड मिळते. तीही चालते, पण आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, नाही तर तिच्यातली पीठासारखी पूड सगळी भोकं बुजवते. मुरूम नसेल तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे करा, आणि त्यांचीही पूड चाळून टाका. नर्सरीतली बरीच रोपं कोकोपीटमध्ये असतात. नर्सरीवाल्यांना ते परवडतं, पण घरात ते ओल धरून बसतं, म्हणून मुळांभोवतीचं जमेल तेवढं झटकून टाका. मिश्रण जमलं की नाही ते बघायची माझी टेस्ट सोपी आहे. थोडं ओलं करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. लाडू वळला गेला तर वाळू वाढवा. हातातून सांडलं तर जमलं.

आणखी एक जुनी सवय सोडा. तळाला खड्यांचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो असं आपण सगळेच ऐकत आलोय. होतं उलटं. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वर अडून बसतं आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बस्स.

कुंडी आडवी केली, बाहेरून थोपटली आणि बुडाशी धरून झाड ओढलं. पानाला धरून ओढू नका, ते मोडतं. माझं एक मोडलंच. मोडलेल्या जागेतून पिवळा चीक येतो. आपल्या जुन्या घरांत असतो तो काळाबोळ याच चिकाला आटवून होतो. चवीला कडूजहर, कपड्यावर डाग, कुणाकुणाच्या हाताला खाज. आतला पारदर्शक गर वेगळा आणि हा चीक वेगळा, हे गर काढून पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मोडलेली पानं लगेच उचला, त्यांना ते बाधतं.

गोळा बाहेर आला. जुन्या कुंडीचाच आकार, वर पांढरट-पिवळ्या मुळांची जाळी. खरं सांगते, हात थरथरत होते. हे एकच झाड. आत्याकडून पुन्हा मागता आलं असतं म्हणा, पण ‘दुसरीही मारली’ हे सांगायची हिंमत नव्हती. बोटांनी मुळं सैल केली. दोन-तीन काळी, पोकळ निघाली, ती कापली. बाकी सगळी ठणठणीत.

मग पिल्लं. चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं असलेलीच वेगळी करायची. नुसती करंगळीएवढी असतील तर आईजवळ राहू द्या. काही हाताने सुटली, दोन जणांसाठी सुरी गरम पाण्याने स्वच्छ करून वापरावी लागली. कापलेली पिल्लं लगेच लावली नाहीत. वर्तमानपत्रावर पसरून तीन दिवस सावलीत ठेवली. जखमेवर खपली धरली की मगच माती. माझ्या रूममेटला हे बघवेना. “अगं, मरतील ती!” तिला दारावर उलट्या टांगलेल्या कोरफडीची गोष्ट सांगितली, तरी ती रात्री उठून एकदा बघून आलीच.

आईला मात्र त्याच दिवशी नव्या कुंडीत बसवली. आधी जेवढी मातीत होती तेवढीच. खालची पानं मातीत गाडली की ती सडतात. माती भरून कुंडी दोनदा जमिनीवर आपटली, वरून दाबून घट्ट केली नाही. झाड डुलत होतं, म्हणून दोन बाजूंनी मोठे खडे टेकवले.

आणि पाणी? नाही घातलं. एक थेंबही नाही. हा भाग सगळ्यांत कठीण. आपल्याला रोप लावलं की झारी हातात घ्यायची सवय, पण तुटलेल्या मुळांना आठवडाभर कोरडं ठेवलं की ती भरून येतात. कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवली आणि रोज ऑफिसला जाताना तिच्याकडे न बघता गेले. आठव्या दिवशी पहिलं पाणी, तळातून वाहीपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकलं. मग सकाळचं ऊन, थोडं थोडं वाढवत. आता बोट दोन पेरं खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. पुण्यातल्या पावसाळ्यात तर महिन्यातून एकदाही पुरतं.

पहिले तीन आठवडे झाड तसंच, जरा मलूल. खालचं एक पान सुकलं. मी जुन्या आठवणीने रात्री टॉर्च लावून बुडाशी दाबून बघायचे, मऊ तर नाही ना. मार्चच्या शेवटी मधोमध एक टोक दिसलं, फिकट हिरवं, पांढऱ्या ठिपक्यांचं. आत्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला.

पिल्लं पाच निघाली. एक रूममेटला. एक कॉफी मशीनवाल्या फ्लॅटमालकाला, चार इंची कुंडीसकट आणि तोंडी धमकीसकट. दोन अजून खिडकीत आहेत.

पाचव्याचं असं झालं, की फोटो बघून आत्याचा फोन आला. ती मुलाकडे नाशिकला राहायला निघाली आहे. तेलाचा डबा गंजून तळ गेलाय, तो काही गाडीत चढणार नाही. झाड शेजारणीला देऊन टाकलं.

“तुह्याकडचं एक पिल्लू दे मले,” ती म्हणाली. आणि लगेच, “माती कोनती घातली व्हती?”

“मुरूम, आत्या. तुझाच.”

“मंग पाठव.”